एक्स-रेमध्ये दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष दुखणारी जागा

प्रश्न : माझा घोडा १७ वर्षांचा आहे. तो अनेक वर्षे शो जंपिंगच्या स्पर्धांत उतरत होता, आणि गेली चार वर्षे मी त्याच्यावर ड्रेसाजचा (तालबद्ध, नियंत्रित चालींच्या स्वारीचा) सराव करते. सात-आठ महिन्यांपूर्वी त्याच्या उजव्या मागच्या पायाच्या खुराचे टोक जमिनीला घासू लागले आणि त्या पायाचा नाल पुढून लवकर झिजू लागला. एक्स-रेमध्ये दोन्ही हॉकच्या (मागच्या पायाच्या मध्यावरच्या सांध्याच्या) खालच्या सांध्यांत झीज दिसली, म्हणून दोन्हीकडे स्टेरॉइडची इंजेक्शने दिली. पाच-सहा आठवडे चाल सुधारली, नंतर पुन्हा पहिल्यासारखी झाली. दहा दिवस वेदनाशामक औषध देऊनही काही फरक दिसला नाही. कठीण, सरळ रस्त्यावर तो जवळजवळ ठीक चालतो. वाळूच्या मैदानात डावीकडे वळताना मात्र जास्त अडखळतो. कॅन्टरमध्ये (मध्यम वेगाच्या दौडीत) त्याच्या मागच्या पायांचा क्रम मध्येच बदलतो आणि खोगीर सारखे उजवीकडे सरकते. प्रशिक्षकांच्या मते तो आळशी झाला आहे, नालबंद म्हणतात की दोष कमरेत आहे, आणि पशुवैद्य पुन्हा इंजेक्शन देऊ म्हणतात. मी पुन्हा इंजेक्शन द्यावे, की त्याला आता निवृत्त करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नात दोनच पर्याय आहेत, आणि माझ्या मते आज त्यांपैकी एकही निवडू नये. पुन्हा इंजेक्शन देण्यापूर्वी आणि निवृत्तीचा विचार करण्यापूर्वी जे व्हायला हवे होते, ते अजून झालेलेच नाही. घोड्याचा पाय नेमका कुठे दुखतो, हे कोणीही सिद्ध केलेले नाही. एक्स-रेमध्ये झीज दिसली आणि तिथून थेट सुई सांध्यात गेली. एवढी वर्षे अडथळ्यांवरून उड्या मारलेल्या १७ वर्षांच्या घोड्याच्या हॉकचा एक्स-रे काढला, तर त्यात काही ना काही झीज दिसणारच. चित्रातली झीज आणि प्रत्यक्षातली वेदना यांचे नाते फार सैल असते: भयंकर दिसणारे सांधे घेऊन निर्धास्त चालणारे घोडे असतात, आणि स्वच्छ एक्स-रे असूनही लंगडणारे घोडे असतात. म्हणून ‘झीज दिसते’ आणि ‘झीज दुखते’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि दुसरे विधान वेगळे सिद्ध करावे लागते.

आपण म्हणाल की इंजेक्शनने पाच-सहा आठवडे फरक पडला, हाच पुरावा नाही का? तो पुरावा आहे, पण अर्धवट आहे. हॉक, म्हणजे शरीररचनेच्या दृष्टीने आपल्या घोट्याचा सांधा, हा एक सांधा नसून एकावर एक रचलेल्या सांध्यांचा संच आहे. जवळजवळ सगळी हालचाल सर्वांत वरच्या मोठ्या सांध्यात होते, तर झीज बहुधा खालच्या दोन सपाट, फारशा न हलणाऱ्या सांध्यांत होते. यांतल्या सर्वांत खालच्या सांध्याची पिशवी मागच्या बाजूला ज्या जागेपर्यंत पोहोचते, तिच्या अगदी लगतच सस्पेन्सरी लिगामेंट नावाचा महत्त्वाचा अस्थिबंध हाडाला जोडलेला असतो. सांध्यात सोडलेले औषध शेजारी झिरपते आणि तिथला दाहही काही काळ शांत करू शकते. शिवाय इंजेक्शननंतर घोड्याला काही दिवस विश्रांती मिळते आणि काम हलक्याने सुरू होते. सुधारणेत त्याचाही वाटा असतो. तेव्हा त्या काही आठवड्यांच्या आरामाने ‘दुखणे त्या परिसरात असू शकेल’ एवढेच कळते. आराम टिकला नाही, ही गोष्ट मला त्याहून अधिक बोलकी वाटते.

माझा संशय त्या शेजाऱ्यावर, म्हणजे सस्पेन्सरी लिगामेंटच्या वरच्या टोकावर आहे. पत्रावरून निदान होत नसते, म्हणून हा केवळ संशय समजावा. पण त्याची कारणे आपल्याच पत्रात आहेत. डावीकडे वळताना उजवा मागचा पाय वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला असतो. दुखरा पाय बाहेर असताना, मऊ जमिनीवर आणि स्वार पाठीवर असताना चाल अधिक बिघडणे, हे या अस्थिबंधाच्या दुखण्यात वारंवार आढळते. मागच्या पायात हा अस्थिबंध नळीच्या हाडाच्या मागे, दोन्ही बाजूंच्या बारीक हाडांच्या मध्ये आणि वरून घट्ट पडद्याखाली बंदिस्त असतो. तो सुजला की त्याला पसरायला जागा उरत नाही आणि शेजारची नस दाबली जाते. म्हणूनच बाहेरून हात फिरवला तर सूज किंवा उष्णता बहुतेक वेळा जाणवत नाही, दुखणे महिनोन्महिने रेंगाळते, आणि पुढच्या पायातले असेच दुखणे जितके नुसत्या विश्रांतीने बरे होते तितके मागच्या पायातले होत नाही.

खोगीर सरकण्याबद्दल आपण जाता जाता लिहिले आहे, पण मी त्याला बरेच महत्त्व देतो. खोगीर सतत एकाच बाजूला सरकत असेल, तर आपण खोगिराचा माप किंवा स्वाराचा तोल तपासतो, आणि ते योग्यच आहे. मात्र मागच्या पायाचे लंगडणे हेही त्याचे एक ठळक कारण आहे. अशा घोड्यांत खोगीर बहुधा अधिक दुखऱ्या पायाच्या बाजूला सरकते, आणि नस बधिर करून लंगडणे थांबवले की सरकणेही थांबते, असे अभ्यासात दिसून आले आहे. आपले खोगीर उजवीकडेच सरकते, आणि दुखराही उजवाच पाय आहे.

आता प्रशिक्षकांच्या ‘आळशी’ या शब्दाविषयी. एवढी वर्षे मनापासून काम केलेला घोडा सतराव्या वर्षी अचानक आळशी होत नाही. सू डायसन या ब्रिटिश अश्ववैद्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वार बसलेल्या घोड्याच्या वर्तनातील २४ खुणांची एक यादी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. कान बराच वेळ मागे टाकणे, तोंड वारंवार उघडणे, शेपूट झटकणे किंवा एका बाजूला धरणे, खुराचे टोक घासणे, कॅन्टरमध्ये मागचे पाय बदलणे, पुढे जाण्यास नाखूश असणे, अशा गोष्टी तिच्यात आहेत. त्यांपैकी ८ किंवा अधिक खुणा दिसल्या, तर हाडे, सांधे वा स्नायूंत वेदना असण्याची शक्यता मोठी मानली जाते. यांतल्या दोन खुणा तर आपणच लिहिल्या आहेत. एखाद्या दिवशी कोणाला तरी सरावाचे दहा-पंधरा मिनिटे चित्रण करायला सांगावे आणि ते शांतपणे पाहावे. निदान तोपर्यंत चाबूक बाजूला ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

याच निमित्ताने तपासणीपूर्वी घरच्या घरी करता येण्याजोगे निरीक्षणही करून घ्यावे. घोड्याला सैल दोरीवर, मान मोकळी ठेवून, सपाट आणि कठीण जमिनीवर दुडकीत सरळ न्यावे आणि मागून चित्रण करावे. पुठ्ठ्याच्या, म्हणजे घोड्याच्या कमरेमागच्या भागाच्या, दोन्ही बाजूंच्या उंच हाडांवर रंगीत चिकटपट्टीचे ठिपके लावले, तर डोळ्यांना मोठी मदत होते. ज्या बाजूचा ठिपका दुसरीपेक्षा अधिक वर-खाली होतो, ती बाजू बहुधा दुखरी असते. त्यानंतर कठीण आणि मऊ अशा दोन्ही जमिनींवर, दोन्ही दिशांना मोठ्या वर्तुळात हेच करावे. एक फसगत मात्र लक्षात ठेवावी. दुडकीत उजवा मागचा आणि डावा पुढचा पाय एकत्र टेकतात. उजवा मागचा पाय बराच दुखत असेल तर घोडा त्या क्षणी वजन पुढे ढकलतो आणि डोके खाली नेतो. त्यामुळे पाहणाऱ्याला उजवा पुढचा पायच लंगडत असल्याचा भास होतो, आणि कित्येक घोड्यांच्या पुढच्या पायांवर विनाकारण उपचार होतात. स्वार असतानाची एक परीक्षाही उपयोगी आहे. दुडकीत उठबस करताना उजवा मागचा पाय टेकताना बसून पाहावे, मग तो टेकताना उठून पाहावे. पहिल्या प्रकारात चाल ठळकपणे बिघडत असेल, तर ती नोंद पशुवैद्यांना जरूर सांगावी.

प्रत्यक्ष तपासणीत आपण आग्रह धरावा तो क्रमाचा. आधी खूर तपासला पाहिजे, कारण तो स्वस्थ असल्याची खात्री न करता वर गेले, तर पुढचे सगळे डळमळीत राहते. मागच्या खुरांची टाच खचलेली आणि टोक लांब वाढलेले असेल, तर खुरातले हाड मागे झुकते आणि त्याचा ताण वर हॉकपर्यंत, अगदी कमरेपर्यंत जाणवू शकतो. बाजूने काढलेल्या एका एक्स-रेत हे दिसते. आपल्या नालबंदांनी कमरेबद्दल जे म्हटले ते चुकीचे नसेलही, पण कमरेचे दुखणे पुष्कळदा खालच्या दुखण्याचा परिणाम असते.

त्यानंतर पाय दुमडून धरण्याची परीक्षा होईल. पाय सुमारे एक मिनिट किंवा थोडा अधिक वेळ दुमडून धरायचा आणि लगेच दुडकी चालवायची. तिचा निकाल फार ताणू नये, ही माझी सूचना आहे. घोड्याच्या मागच्या पायाची रचना अशी आहे की हॉक आणि स्टायफल, म्हणजे आपला गुडघा, एकमेकांशी बांधलेले असतात. एक दुमडला की दुसरा दुमडतोच, आणि सस्पेन्सरीच्या वरच्या टोकावरही दाब येतो. म्हणून या परीक्षेनंतर लंगडणे वाढले, तर हॉकच दोषी आहे असे म्हणता येत नाही.

खरे उत्तर मिळते ते नस बधिर करण्याच्या तपासणीतून, ज्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात. खालून सुरुवात करून एकेक भाग थोड्या वेळासाठी बधिर करत वर जायचे आणि प्रत्येक वेळी चाल पाहायची. ज्या टप्प्यावर लंगडणे ओसरते, तिथे दुखणे आहे. हे काम वेळखाऊ आहे, त्याला अर्धा दिवस किंवा दोन वेगळे दिवसही लागू शकतात, आणि माझ्या मते आपल्या घोड्याच्या बाबतीत आता याला पर्याय नाही. त्या दिवशी लंगडणे स्पष्ट दिसायला हवे, म्हणून आधीचे काही दिवस वेदनाशामक बंद ठेवावे. नेमके किती दिवस, ते पशुवैद्य सांगतील. फरक मुख्यत्वे स्वार असतानाच दिसत असेल, तर ब्लॉकनंतरही स्वारासहच पाहण्याचा आग्रह धरावा. उजवा पाय बधिर केल्यावर डावा लंगडू लागला, तर घाबरू नये. हॉकची झीज काय किंवा सस्पेन्सरीचे दुखणे काय, बहुतेकदा दोन्ही पायांत असते आणि जास्त दुखणारा पाय दुसऱ्याला झाकून टाकतो.

इथेही तो शेजाराचा प्रश्न उभा राहतोच. हॉकच्या खालच्या सांध्यात सोडलेले बधिर करणारे औषध सस्पेन्सरीकडे झिरपू शकते आणि सस्पेन्सरीसाठी टोचलेले औषध सांध्यात शिरू शकते. म्हणून अनुभवी पशुवैद्य औषध दिल्यावर लवकर, पहिल्या काही मिनिटांतच निकाल पाहतात आणि दोन्ही ब्लॉक वेगवेगळ्या दिवशी करून त्यांची तुलना करतात. जागा ठरली की मग त्या जागेचे चित्र घ्यावे: अस्थिबंधासाठी दोन्ही पायांचे सोनोग्राफीने तुलनात्मक परीक्षण, सांध्यासाठी एक्स-रे, आणि तरीही प्रश्न सुटला नाही तर एमआरआय. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला, म्हणूनच आपण आज आठ महिन्यांनंतरही सुरुवातीलाच आहात.

मी स्वतः एकदा यात चुकलो आहे. एका वयस्क घोडीत ब्लॉकनंतर लंगडणे सुमारे निम्मे कमी झाले, आणि जागा सापडली असे मानून मी तिथेच थांबलो. उरलेले निम्मे स्टायफलमधल्या गादीच्या जुन्या दुखापतीचे होते, ते काही महिन्यांनी कळले, आणि तेवढा काळ ती घोडी दुखणे सोसत राहिली. वयस्क खेळाडू घोड्यात एकच कारण सापडण्याची अपेक्षा धरू नये. अर्धा फरक पडला, तर उरलेला अर्धा कुठे आहे हे विचारलेच पाहिजे. आपला घोडा कॅन्टरमध्ये पाय बदलतो, म्हणून पाठीचा कणा आणि पुठ्ठा जिथे जुळतात त्या सांध्याकडेही पाहायला सांगावे. तिथले दुखणे दुडकीपेक्षा कॅन्टरमध्ये अधिक उघड होते.

आणखी एक गोष्ट ब्लॉकच्याही आधी व्हायला हवी. खुराचे टोक घासणे हे वेदनेप्रमाणेच मज्जासंस्थेच्या दुबळेपणाचेही लक्षण असते, आणि मानेच्या खालच्या मणक्यांची झीज झालेल्या वयस्क घोड्यांत ते आढळते. चालता चालता शेपूट बाजूला ओढून पाहणे, अगदी लहान वर्तुळात फिरवणे, मागे चालवणे आणि डोके वर धरून उतारावरून चालवणे, एवढ्यावरून बरीच कल्पना येते. पाय कुठे पडतो आहे याचे त्याला भान नाही असे दिसले, तर स्वारी तत्काळ थांबवावी. तो प्रश्न आपल्या सुरक्षिततेचाही आहे. काम वाढवत नेले की लंगडणे वाढते, थांबले की काही मिनिटांत नाहीसे होते आणि तो पाय गार लागतो, असे कधी दिसले तर मागच्या पायांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी असण्याचा विचार करावा लागतो. आपल्या वर्णनात तसे काही नाही.

वेदनाशामकाने फरक पडला नाही, म्हणून वेदना नाही असा अर्थ कोणी काढत असेल, तर तो काढू देऊ नये. अशा जुनाट, दाबातून निर्माण झालेल्या दुखण्यावर ते औषध पुष्कळदा निष्प्रभ ठरते. मात्र त्याचा डोस वाढवणे किंवा ते महिनोन्महिने चालू ठेवणे हेही योग्य नाही; जठर, आतडे आणि मूत्रपिंडांवर त्याचा दुष्परिणाम होतो, आणि स्पर्धेत उतरणाऱ्या घोड्याच्या अंगात ते सापडणे नियमबाह्य आहे.

पुढे कधी स्टेरॉइडचे इंजेक्शन द्यायचे ठरलेच, तर त्याआधी रक्त तपासून घ्यावे. पंधरा वर्षांवरील घोड्यांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा विकार बराच आढळतो. केस वेळेवर न गळणे आणि पाठीचे स्नायू ओसरणे ही त्याची ओळखीची लक्षणे असली, तरी सुरुवातीला ती नसतातही. अशा घोड्याचे इन्सुलिन बिघडलेले असेल, तर स्टेरॉइडमुळे चारही खुरांना धोका पोहोचवणारा लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराचा दाह) उद्भवू शकतो. एसीटीएच (पिट्युटरी ग्रंथीतून स्रवणारे संप्रेरक) आणि इन्सुलिन या दोन्हींची तपासणी करावी. एसीटीएचचे प्रमाण शरद ऋतूत निरोगी घोड्यांतही वाढते, म्हणून तो आकडा महिना लक्षात घेऊनच वाचायला हवा.

समजा, दोष हॉकमध्येच निघाला. तर आपले पशुवैद्य बरोबर होते, आणि पुन्हा इंजेक्शन देण्यात काही वावगे नाही. ते खालचे सांधे हळूहळू जुळून घट्ट झाले तरी घोडा त्यांच्यासह नियमित हलके काम सुखाने करू शकतो, कारण त्यांच्यात मुळात हालचाल फारशी नसते. दोष सस्पेन्सरीत निघाला, तर मोजूनमापून वाढवलेली साधी चाल, शॉकवेव्ह (बाहेरून दिलेल्या दाबलहरींचे) उपचार, नालाची सुधारणा, आणि एवढ्याने भागले नाही तर दाबली गेलेली नस कापून वरचा पडदा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया, असा मार्ग आहे. ज्यांचे हॉक फार सरळ आहेत किंवा गामचे (खुराच्या वरच्या बाजूचे सांधे) खाली झुकू लागले आहेत, अशा घोड्यांवर ही शस्त्रक्रिया करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वेदना थांबली तरी अस्थिबंध तुटत राहतो. नस कापलेल्या घोड्याविषयी स्पर्धांचे नियम काय आहेत, तेही आधीच पाहून घ्यावे. आज घोड्याला सपाट जमिनीवर उभे करून बाजूने एक छायाचित्र काढून ठेवावे. दोन-तीन महिन्यांनी तसेच दुसरे काढले, की गामचे खचत आहेत का हे स्मरणशक्तीवर अवलंबून न राहता कळेल.

निवृत्तीचा प्रश्न मी टाळत नाही. पण कारण न शोधता त्याला कुरणात सोडले, तर दुखणे त्याच्याबरोबर कुरणातही जाते. फरक एवढाच पडतो की आपण ते रोज पाहत नाही. तपासणी होईपर्यंत त्याला हातात धरून, कठीण आणि सपाट जमिनीवर, सरळ रेषेत रोज वीस-तीस मिनिटे चालवावे. खोल वाळू, लहान वर्तुळे आणि लंजवरचे (लांब दोरीवर गोल फिरवण्याचे) काम पूर्ण बंद ठेवावे. तबेल्यात नुसते उभे करून ठेवू नये. या काळात अचानक त्याने तो पाय टेकणेच सोडले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवावे. तो खुरातला गळूही असेल, पण हाडाला तडा गेल्याची शक्यता वगळेपर्यंत त्याला जागचे हलवू नये.

ब्लॉकचे निकाल हाती आले, की आपल्या पशुवैद्यांना एकच प्रश्न विचारावा: कोणत्या टप्प्यावर किती फरक पडला, आणि डाव्या पायाचे काय? त्याचे उत्तर, आजचे छायाचित्र आणि चित्रण मला कळवावे. त्याने पुढे ड्रेसाज करावे, मोकळ्या रस्त्यावर फेरफटका मारावा की पाठ मोकळीच ठेवावी, हे मी तेव्हा आपल्याबरोबर बसून ठरवीन.